देव्हाऱ्यातलं शिफारसपत्र

सोमवारी सकाळी दहाला भाईंदर पूर्वेच्या आमदार कार्यालयाचं शटर वर जातं, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसायला जागा उरलेली नसते. कुणाच्या नळाला पाणी येत नाही, कुणाच्या मुलीचा जातीचा दाखला अडलाय, कुणाच्या वीजबिलावर वारलेल्या सासऱ्याचं नाव आहे आणि ते काही केल्या निघत नाही. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्सची चळत आणि मनात एकच आस, की चार खिडक्या फिरून झाल्या, आता इथं तरी कुणी ऐकेल. मंडळी, अशा बाकावर आयुष्यात एकदाही बसला नाही असा आपल्यात कोण आहे?

आत टेबलाशी उदय बसायचा. अकरा वर्षं झाली होती त्याला त्या खुर्चीत. वडील कोंडिराम नांदेडकडून आलेले, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारून मारून त्यांनी लेकाला बीए केलं. गरिबाची अडचण काय असते हे उदयला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. स्वभावानं गोड, हातानं चपळ. माणूस समोर बसून बोलू लागला की याची बोटं की-बोर्डवर चालू. साहेबांच्या सहीचे लेटरहेड खणात तयार असत. नाव, गाव, खातं, तक्रार आणि शेवटची ओळ ठरलेली : ‘तरी सदर प्रकरणी नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ शिक्का मारायचा, पत्राची नीट घडी घालायची, दोन्ही हातांनी द्यायचं आणि हसून म्हणायचं,

“झालं तुमचं काम!”

ते शब्द ऐकले की समोरचा सुकलेला चेहरा फुलायचा. उदयला ते फार आवडायचं. माणूस दाराबाहेर पडायच्या आत तो रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात लिहायचा, ‘निकाली’. महिनाअखेरीस दिव्या, शेजारच्या टेबलावरची मुलगी, सगळ्या निकाली प्रकरणांची बेरीज करून साहेबांना पाठवायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर आपल्यालाही वाटलं नसतं.

मे महिन्यात एक दिवस इंदुबाई आली. चेणे गावाहून. काशीमिऱ्याला बस बदलून, नऊवारीचा पदर कमरेला खोचून, ऐन उन्हात. टेबलाशी येऊनही ती उभीच राहिली.

“बसा ना आजी.”

“नको बाला, बरी हाय मी. आमचे म्हाताऱ्याचा नाव रेशनच्या कार्डावरना गेलाय. रामनाथ त्याचा नाव. त्याचा आंगठाच लागत न्हाय त्या मशीनला. उभा जलम मिठागरात गेला ना, बोटांवरच्या रेगा मिठानं खाल्ल्या.”

“मग दुसरा काही मार्ग नाही सांगितला त्यांनी?”

“बोलले कायतरी, मना समाजला न्हाय. डोल्याचा आप्रेशन हाय त्याचा. काचबिंदू बोलतान ना, तो. एक डोला गेलाच, दुसरा तरी वाचवायचाय. दाक्तर बोलला, दोन म्हयन्यांत करा. पन योजनेत करायचा तर कार्डावर नाव पायजे.”

उदयच्या बोटांनी सात मिनिटांत पत्र उठवलं. त्यानं घडी घातली, दोन्ही हातांनी दिलं.

“घ्या आजी. झालं तुमचं काम!”

“जाला?” म्हातारीनं पत्र कपाळाला लावलं. “आता मना काय करावा लागंल?”

तेवढ्यात उदयचा फोन वाजला. संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या आल्या नव्हत्या. फोन कानाला लावून त्यानं हसत हात हलवला, जा, निर्धास्त जा. इंदुबाईनं दोन्ही हात जोडले आणि ती गेली. मागचा माणूस खुर्चीत बसून बोलूही लागला होता, “भैया, हमारे गटर का कुछ करो ना, चार दिनसे बदबू मार रहा है.” उदयनं मान डोलावली, एका हातानं रजिस्टर ओढलं आणि इंदुबाईच्या नावापुढे लिहून टाकलं. निकाली.

दिवाळी सरली. साहेबांनी कार्यअहवाल छापायला काढला. “नुसते आकडे नकोत रे उदय,” साहेब म्हणाले. “माणसं दाखव. साधीसुधी, हसरी. आपल्या पत्रानं ज्यांचं भलं झालं अशी.” उदयनं रजिस्टर चाळलं आणि त्याचं बोट एका नावावर थांबलं. इंदुबाई, चेणे. नवऱ्याचे डोळे. म्हातारा-म्हातारी अंगणात बसलेली, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पुन्हा आलेला उजेड! याहून चांगला फोटो कुठला?

मिठाईचा पुडा घेऊन तो स्कूटरवरून निघाला. काशीमिऱ्याचे ट्रक मागे टाकून घोडबंदर रस्त्यानं चेण्याला पोचेस्तोवर त्यानं फोटोखालची ओळही मनात जुळवली होती.

इंदुबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं त्याला लगेच ओळखलं. सूप बाजूला सारून ती धडपडत उठली.

“आयलास बाला! अगो बाय, आयला! आवं, ऐकताव का? मी बोललेली ना तुमाला, मानूस येल म्हनून! आयला बगा नाव चढवाला!”

फोटोसाठी काढलेला मोबाइल उदयच्या हातातच राहिला.

“नाव... चढवायला?”

ओट्याच्या कडेला खाटेवर एक उंच, हाडकुळा म्हातारा बसला होता. आवाजाच्या दिशेनं त्यानं मान वळवली. नजर मात्र उदयच्या खांद्यावरून पार मागच्या आंब्याकडे गेली. हात पुढे करून तो हवेत चाचपू लागला.

“कुटं हाय? बसाला दे त्याला. लांबना आयला आसंल.”

“आजी,” उदयनं विचारलं. “बाबांचं ऑपरेशन...?”

“नावाबिगर कसा व्हायाचा? तुमच्या मानसाची वाट बगतंय ना आमी. दिवाली पातूर जरा जरा दिसायचा त्याला. आता...” तिनं बोटं मिटली. मग एकदम उजळून म्हणाली, “पन तुजा पत्र हाय हां! जपून ठेवलाय. ये, दाखवतंय.”

तिनं त्याला आत नेलं. कोनाड्यातल्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक, एकवीरा आईची तसबीर, आणि दोघांच्या मध्ये, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून उभं केलेलं ते पत्र! त्यावर साहेबांचं नाव, उदयनं मारलेला शिक्का, मे महिन्याची तारीख. वरच्या कोपऱ्यात हळदकुंकवाचं बोट. एका दिवसाचं नव्हे, थरावर थर चढलेलं.

“रोज लावतंय,” इंदुबाई म्हणाली. “देवाबरोबर त्यालाबी.”

“आजी, हे... हे रेशनिंगच्या ऑफिसात द्यायचं होतं. त्यांच्यासाठी होतं हे.”

“द्याचा व्हता?” ती गोंधळून त्याच्याकडे बघत राहिली. “पन तूच बोललास ना, काम जाला म्हनून? मदी एकदा आयलेली बी मी तुमच्याकरं, नारली पुनवेच्या आदी. लय गरदी व्हती. तू लांबनाच बोललास, ‘आजी, तुमचं तर झालंय ना?’ मना वाटला, जालाच आसंल. तुमी शिकलेली मानसा. मी परत फिरली.”

उदयला ती भेट आठवतही नव्हती! एवढ्या उन्हापावसात दोन बस करून आलेली म्हातारी त्यानं एका वाक्यात दारातून परतवली होती, आणि त्याच्या मनावर तिचा ओरखडाही उमटला नव्हता. शिव्या दिल्या असत्या तिनं तर बरं झालं असतं. ती मात्र चहाचं आधण ठेवायला निघाली.

“मिठाई आनलीस? आनि त्यो मोबाइल कशाला काढलायस? फोटू काडतोस काय आंधल्याचा?”

बोलणारा दारात उभा होता. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर उपरणं. हे धर्माजीबुवा. गावच्या देवळात एकादशीला कीर्तन करणारे, रामनाथचे लहानपणापासूनचे सोबती. वर्षानुवर्षं कीर्तनात बोलून त्यांची भाषा पुस्तकी झाली होती, पण राग आला की मूळ बोली वर यायची.

“बुवा, मी... आमच्याकडून पत्र तर दिलं होतं,” उदय कसाबसा बोलला. बोलल्याबरोबर त्याचे त्यालाच ते शब्द घाणेरडे वाटले.

“दिलंत ना! कोन न्हाय बोलतो?” बुवा त्याला बाहेर नेऊन ओट्यावर बसले. आवाज खाली आला. “बस. तू कधी कीर्तनाला बसलायस?”

“लहानपणी एक-दोनदा. शेजारच्यांबरोबर.”

“मग ऐक. बुवा उभा राहतो आणि आधी नमन करतो. देवाला, गुरूला, श्रोत्यांना. नमन झालं की टाळकरी झांजा खाली ठेवतात काय? आरती करून, बुक्का लावून लोकांना घरी पाठवतात काय? अरे, नमन म्हणजे नुसतं दार उघडलं! अजून पूर्वरंग व्हायचाय, आख्यान व्हायचंय. शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हातारीपर्यंत गोष्ट पोचायचीय. तुझं पत्र म्हणजे नमन होतं रे बाबा. तू नमनालाच आरती ओवाळलीस आणि प्रसाद वाटून मोकळा झालास! श्रोता तसाच बसून राहिला. अंधारात.”

उदयनं मोबाइल खिशात टाकला.

“आणि तुला एकट्याला कसं बोलू?” बुवांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “मीही नालायक. आषाढात इंदुनं मला पत्र दाखवलं. मला वाचता येतं. मी वाचलं असतं, तर वरच रेशनिंग ऑफिसचं नाव होतं. पण मी नुसता शिक्का पाहिला! म्हटलं, आमदारांचं पत्र आहे, म्हणजे काम झालं. देवळात चार लोकांना सांगितलं मी, रामनाथाचं काम झालं म्हणून. डहाणूला याची लेक आहे, चांदणी, तिलाही फोनवर तेच सांगितलं. ती पोर निर्धास्त राहिली. आपल्याला सगळ्यांना ‘झालं’ म्हणायची भारी घाई रे. ज्याचं काम, त्याला विचारायची आठवण कुणालाच राहत नाही.”

खाटेवरून रामनाथ म्हणाला, “सोड रं धर्मा. पावन्याला चा तरी पिऊ दे.”

दुसऱ्या दिवशी उदयनं रजा टाकली आणि रिक्षा करून म्हातारा-म्हातारीला घेऊन रेशनिंग ऑफिसात गेला. लॅमिनेट केलेलं पत्र त्यानं खिडकीतून आत सरकवलं. कारकुनानं कुंकवाकडे पाहिलं, तारखेकडे पाहिलं.

“मे महिन्यातलं आज आणताय?”

“हो. चूक माझी आहे.”

कारकून बाहेर आला. त्यानं रामनाथचा अंगठा उलटून पाहिला, मशीनवर दोनदा टेकवून पाहिला आणि मान हलवली. “अंगठा लागत नसेल तर त्याचा वेगळा फॉर्म असतो. डॉक्टरांचा कागद आहे ना सोबत? सही रेशनिंग अधिकाऱ्यांची, ते आतच बसलेत.” फॉर्म भरला, सही झाली, नाव चढलं. घड्याळात पाऊण तासही गेला नव्हता.

पाऊण तास! त्या पाऊण तासासाठी हा माणूस सहा महिने खाटेवर बसून होता!

तिथून ते सरकारी रुग्णालयात गेले. डॉक्टर बाईंनी रामनाथच्या डोळ्यांत बराच वेळ उजेड टाकून पाहिला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग बॅटरी विझवून त्या हळू आवाजात उदयला म्हणाल्या, “काचबिंदूनं गेलेली नजर परत आणता येत नाही. तेव्हा आले असते तर जी होती ती बहुतेक राखता आली असती. आता ऑपरेशन करून उपयोग नाही.”

बाहेर बाकावर रामनाथ काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता.

“काय बोलली गो दाक्तरीन?”

इंदुबाईनं पदर तोंडाला लावला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याशी कधी खोटं बोलली नव्हती. आजही तिला ते जमलं नाही.

“बोलली, उशीर जाला.”

समोरून माणसं जात होती, स्ट्रेचरची चाकं करकरत होती. रामनाथनं हळूच विचारलं, “म्हंजे आता आसाच?”

“हां.”

“बरा,” तो म्हणाला आणि काठी टेकून उठला. “चल मंग घरा. बस चुकंल.”

बसमध्ये इंदुबाई उदयला सांगत होती, स्वतःशीच बोलावं तशी. “साऱ्या मिठागरात याची नजर पयली. वाफ्यातल्या पान्यावर मिठाची साय धराला लागली का बांधावरनाच वलकायचा. मुकादम बी याला विचारल्याबिगर मीठ वडाला फली लावीत नसं. तेच डोले बग.” उदय खिडकीबाहेर तोंड करून रडत होता. हृदयातला देव असा एखाद्या दिवशी जागा होतो, आणि तेव्हा तो फार कठोर असतो.

कार्यालयात परतल्यावर तो सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेला. सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्याही तोंडून पहिल्यांदा तेच निघालं :

“अरे, पण आपण पत्र दिलं होतं ना?”

“दिलं होतं, साहेब. तेवढंच दिलं होतं.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कार्यअहवालाची कच्ची प्रत त्यांनी पुढे ओढली. मुखपृष्ठावर निकाली प्रकरणांचा आकडा ठळक छापला होता.

“यातली खरी किती असतील रे?” त्यांनी विचारलं.

“मला माहीत नाही, साहेब. आपण कधी विचारलंच नाही कुणाला.”

अहवाल छापायला गेला नाही. उदय आणि दिव्यानं रजिस्टर पुढ्यात घेतलं आणि वर्षभरातल्या एकेका माणसाला फोन लावायला सुरुवात केली. काय काय ऐकलं त्यांनी! बऱ्याच जणांची कामं झाली होती आणि ते भरभरून आशीर्वाद देत होते. पण कुणी पत्र कपाटात दागिन्यांच्या डबीखाली ठेवलं होतं. कुणी चुकीच्या खिडकीवर दिलं, तिथून हाकललं, तर लाजेनं पुन्हा आलं नव्हतं. एका घरी सून म्हणाली, “ज्यांच्यासाठी पत्र होतं ते सासरे गणपतीत गेले.” दिव्यानं फोन ठेवला आणि ती उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली.

“उदयदादा,” परत आल्यावर ती म्हणाली, “हे सगळे मी दर महिन्याला बेरजेत धरत होते.”

त्या दिवसापासून कार्यालयाची रीत बदलली. पत्राबरोबर एक चिठ्ठी जाऊ लागली. कुठल्या ऑफिसात, कुठल्या खिडकीवर, कुठले कागद घेऊन जायचं आणि पोच कशी मागायची, हे सगळं मोठ्या अक्षरांत. वाचता न येणाऱ्याला तोंडी समजवायचं आणि त्याच्याकडूनच परत वदवून घ्यायचं. चालता न येणाऱ्याबरोबर कुणीतरी जायचं. आणि रजिस्टरमधला तो शेवटचा रकाना उदयनं स्वतःच्या मर्जीनं भरणं बंद केलं. ज्याचं गाऱ्हाणं, त्यानं ‘हो, झालं’ म्हटल्यावरच तिथं शाई लागायची. निकाली प्रकरणांचा आकडा एकदम खाली आला. साहेबांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

पौषात उदय पुन्हा चेण्याला गेला. रामनाथच्या अंधत्वाचा दाखला आणि निराधार अनुदानाची मंजुरी त्यानं स्वतः खेटे घालून मिळवली होती. कागद इंदुबाईच्या हातात देऊन, कुठला कशासाठी हे तिला दोनदा समजावून, तो खाटेशी जमिनीवर बसला. माफी मागायची होती. घरून निघताना वाक्यं जुळवली होती.

“उदय ना तू?” रामनाथनं विचारलं. “म्हातारी सारका तुजा नाव घेते. पन मी तुला पायलेला न्हाय कदी. मी आयलोच न्हवतो ना त्या दिवशी हापिसात.”

“नाही, बाबा.”

“जवल ये.”

त्यानं हात पुढे केले. मिठानं चरे पडलेले, सहाणेसारखे खरखरीत तळवे उदयच्या कपाळावरून फिरले, भुवयांवरून, नाकावरून. गालाशी आले आणि थांबले.

“रडतोस कशाला?”

“बाबा, माझ्यामुळं तुमचे...”

“तुज्यामुलं एकट्यामुलं न्हाय,” रामनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि समजूत काढण्याचा खोटेपणाही नव्हता. “पन तुज्यामुलंबी. व्हय. ते मी काय न्हाय बोलनार न्हाय.” त्यानं ओल्या गालावरून अंगठा फिरवला, तोच अंगठा, ज्याला मशीन ओळखत नव्हतं. “आता मना बगत बसू नको. माजा होयाचा ते होऊन गेला. बाकीच्यांकरं जा. त्यांचे डोले हायत आजून.”

उदय उठला. अंगणात ऊन कलत होतं. इंदुबाईनं त्याच्या खिशात चार चिंचा कोंबल्या आणि तो स्कूटर काढून काशीमिऱ्याच्या रस्त्याला लागला. संध्याकाळी पाचला एका बाईला पाण्याच्या ऑफिसात सोबत करायची होती.

मंडळी, रामनाथची नजर परत आली नाही. कुठल्याही पश्चात्तापानं ती आली नसती. सत्तेची खुर्ची असो, कारकुनाची असो की शेजाऱ्याचा ओटा असो, दुःखी माणूस आपल्या दारी येतो तेव्हा देवच आपली परीक्षा बघायला आलेला असतो. त्याच्या हातात कागद ठेवला की आपण सुटलो, असं समजू नका. त्याच्याबरोबर खिडकीपर्यंत चार पावलं चाला. आठ दिवसांनी त्याला विचारा, बाबा रे, तुझं झालं का? आणि तो ‘नाही’ म्हणाला, तर त्याचा हात धरून पुन्हा चाला. सेवा ती हीच. बाकी सगळं नमन आहे.